हूप बदलली की डिझाइन बिघडतं: कुठे बघायचं, काय करायचं

ब्लाउजच्या पाठीवर झकास उठलेला मोर बाहीसाठी लहान केला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि धागा दर दोन मिनिटांनी तुटतो. उलट, कुशनसाठी मोठा केलेला हापूस लांबून बरा वाटतो, पण जवळ नेला की टाक्यांच्या फटींतून खालचं कापड दिसतं. रत्नागिरी-मालवणच्या बाजूला घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनवर कामं घेणाऱ्यांना हे दरवर्षी गणपतीच्या तोंडावर भेटतं. उपरणं, टोपी, मखराचा पडदा, सगळ्यांवर चित्र एकच हवं असतं आणि मापं तीन, म्हणून हूप (कापड ताणून धरणारी चौकट) बदलावी लागते.

अशा वेळी पहिला हात जातो तो धाग्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीकडे. तिला हात लावू नका. मूळ मापात तेच डिझाइन, त्याच धाग्यावर, त्याच कापडावर नीट उठत असेल तर मशीन ठणठणीत आहे. गडबड माप बदलताना झालेली असते, आणि ती मशीन चालू करण्याआधी पकडता येते.

आधी टाक्यांचा आकडा

डिझाइन उघडल्यावर स्क्रीनवर रुंदी-उंचीच्या शेजारी टाक्यांची संख्या दिसते. ती कागदावर लिहा. माप बदला. पुन्हा संख्या बघा. संख्या होती तीच राहिली तर सॉफ्टवेअरने किंवा मशीनने नवं काही शिवायला घेतलेलं नाही, जुनेच टाके ताणले किंवा दाबले आहेत. इथेच निम्म्याहून जास्त तक्रारींचं उत्तर मिळतं.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. पंधरा ठिपके पंधरा ओळी. अंगण मोठं मिळालं म्हणून तेच ठिपके लांब लांब टाकले तर रांगोळी मोठी होते, पण विरळ. कोनाड्यात तीच काढायला गेलं तर ठिपका ठिपक्यावर चढतो. डीएसटी, पीईएस, जेईएफ, ईएक्सपी या मशीनला देण्याच्या फाइली अशाच असतात: सुई कुठून कुठे जाणार याची यादी. त्यात ‘हे पान आहे, ते या दाटीने भरा’ अशी माहिती सहसा नसते. ती असते पंचिंगच्या (चित्रावरून टाक्यांची आखणी करण्याच्या) मूळ फाइलीत, म्हणजे विलकॉम या सॉफ्टवेअरची ईएमबी किंवा इंक/स्टिच या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली एसव्हीजी. मूळ फाइल लहान-मोठी केली की सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजून घालतं. मशीनची फाइल लहान-मोठी केली की ठिपके सरकतात, एवढंच.

नेहमीच्या ४० नंबरच्या रेयॉन किंवा पॉलिस्टर धाग्यासाठी टाक्यांच्या दोन ओळींतलं अंतर साधारण ०.४० मिमी धरतात. टाके तेवढेच ठेवून माप बदललं तर त्याचं काय होतं ते असं:

१२० टक्के केलं तर ०.४८ मिमी
११० टक्के केलं तर ०.४४ मिमी
९० टक्के केलं तर ०.३६ मिमी
८० टक्के केलं तर ०.३२ मिमी
६० टक्के केलं तर ०.२४ मिमी

०.४४ आणि ०.३६ कापड निभावून नेतं. ०.३२ ला सुती कापड कुरकुर करायला लागतं. ०.२४ म्हणजे आधीच भरलेल्या जागेत सुई पुन्हा घुसवणं. धागा तासला जातो, सुई गरम होते, कापडाला भोकांची रांग पडते, आणि शेवटी खालच्या बाजूला बॉबिनपाशी गुंत्याचा गोळा तयार होतो.

म्हणून आपला नियम साधा ठेवावा. टाके न बदलता वर-खाली १० टक्के. टाके नव्याने मोजणारं सॉफ्टवेअर असेल तर २० ते २५ टक्के. त्यापुढे डिझाइन नव्याने पंच करून घ्यावं. बहुतेक घरगुती मशीन स्क्रीनवर ८० किंवा ९० पासून १२० टक्क्यांपर्यंत जाऊ देतात. मशीन जाऊ देतं म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. काही महागड्या मॉडेलमध्ये टाके पुन्हा मोजण्याची सोय असते. ती आहे की नाही हे पुस्तिकेपेक्षा टाक्यांचा आकडाच चटकन सांगतो.

आणखी एक सवय: माप बदलताना कायम मूळ फाइल घ्या. १०० चं ८०, मग ‘थोडं मोठं हवं’ म्हणून त्या ८० चं ११०, असं करत गेलात तर सुईच्या जागा दर वेळी ०.१ मिमीच्या घरात गोळाबेरीज होतात आणि गोल कडा हळूहळू दातेरी होत जातात.

मशीन ‘बसत नाही’ म्हणतं तेव्हा

डिझाइन डोळ्यांना हूपपेक्षा लहान दिसतं, तरी मशीन ते घेत नाही किंवा यादीत दाखवतच नाही. कारणं ठरलेली आहेत.

चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. आणि ज्याला सगळे ‘चार बाय चार’ म्हणतात त्या हूपचं शिवायचं क्षेत्र असतं १०० × १०० मिमी. चार इंचाचं डिझाइन या १.६ मिमीवर अडतं. ९८ टक्के करा, ९९.६ मिमी होतं. दाटीत काहीच फरक पडत नाही, खुशाल करा. पाच बाय सातचं मात्र उलट: क्षेत्र १३० × १८० मिमी, आणि सात इंच म्हणजे १७७.८, तेव्हा उंचीला २.२ मिमी उरतात. पाच इंच म्हणजे १२७, रुंदीला ३ मिमी उरतात. हिशेब नेहमी मिमीत करा, इंचात नको.

दुसरं, आडवं-उभं. १४८ × ९२ मिमीचं डिझाइन १३०-१८० च्या हूपमध्ये आडवं बसणार नाही म्हणून लहान करत बसू नका. ९० अंशात फिरवा आणि कापडही तसंच फिरवून लावा. तिरकं फिरवलं मात्र, तर त्याला लागणारी चौकट मोठी होते. ४५ अंशातली लांबट वेल सरळ वेलीपेक्षा जास्त रुंदी खाते.

तिसरं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: भटका जंप. फाइलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी सुई डिझाइनच्या बाहेर कुठेतरी जाऊन येते. टाका पडत नाही, पण मापात तो बिंदू धरला जातो. सॉफ्टवेअरमध्ये ‘संपूर्ण डिझाइन दाखवा’ केल्यावर चित्र मधोमध न दिसता एका कोपऱ्यात दिसलं आणि बाकी जागा रिकामी असली की समजावं. पहिला किंवा शेवटचा जंप निवडून काढून टाका, डिझाइन मध्यावर आणा, पुन्हा सेव्ह करा. ९० मिमीचं असून १२६ दाखवणारं डिझाइन या एका टिचकीत खरं माप दाखवतं.

चौथं, हूप मोठी पण क्षेत्र तेवढंच. १०० × १७२ मिमीची लांब हूप विकत घेऊन १७० मिमीची वेल शिवायची स्वप्नं बघू नका. तिला बाजूला तीन खाचा असतात. मशीनचा हात १०० × १०० एवढाच फिरतो; हूप खाच बदलून पुढे सरकवायची, म्हणजे कापड न काढता पुढचा भाग शिवता येतो. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तुकडे करूनच द्यावं लागतं. १३० × ३०० च्या हूपचीही तीच गत. हूप घेताना तिचं माप न विचारता मशीनचं शिवायचं क्षेत्र विचारावं.

पाचवं, फाइलीतच हूपचा आकडा लिहिलेला असतो. जेईएफ फाइलीत तर तो असतोच. १४०-२०० च्या हूपसाठी सेव्ह केलेलं ९५ मिमीचं डिझाइन लहान हूपवालं मशीन नाकारू शकतं. सॉफ्टवेअरमध्ये आधी हूप निवडा, मग सेव्ह करा.

लहान करताना: मोराचा हिशेब

पाठीवरचा मोर १२८ × १७० मिमी, टाके १८,४००. बाहीसाठी तो १०० च्या हूपमध्ये हवा आहे. कडेला थोडी जागा सोडून उंची ९४ मिमी धरू.

९४ भागिले १७० म्हणजे ०.५५. मोर ५५ टक्के होणार, रुंदी साधारण ७१ मिमी. आता क्षेत्रफळ बघा: ०.५५ गुणिले ०.५५, म्हणजे ०.३०. मूळ जागेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी जागेत तेच १८,४०० टाके कोंबायचे. ओळींतलं अंतर ०.४० वरून ०.२२. हा मोर शिवायला लावणं म्हणजे कापड फाडायला बसणं.

टाके नव्याने मोजले तर किती व्हायला हवेत? भरीव भागाचे टाके क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतात आणि सॅटिनचे (या काठापासून त्या काठापर्यंत शेजारी-शेजारी पडणारे) व रनिंगचे (एका रेघेत पुढे जाणारे) लांबीच्या प्रमाणात. सगळा मोर भरीव असता तर साधारण ५,६००, सगळा रेघांचा असता तर १०,२००. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, ७-८ हजारांच्या आसपास पडला तर सॉफ्टवेअरने काम केलं. अजून १८,४०० दाखवत असेल तर तिथेच थांबा.

पण आकडा उतरला म्हणजे मोर वाचला असंही नाही. दाटी सुधारते, बारकावे सुधारत नाहीत. पिसाऱ्यातल्या डोळ्याभोवती १.५ मिमीची सॅटिन रेघ होती, ती ५५ टक्क्यांत ०.८ मिमी झाली. ७५ नंबरच्या सुईची जाडी ०.७५ मिमी असते. म्हणजे रेघेच्या डाव्या काठाचं भोक आणि उजव्या काठाचं भोक जवळजवळ एकमेकांना चिकटलं. सुई तिथे शिवत नाही, कापते. १ मिमीच्या आतली सॅटिन रेघ दिसली की तिचं रनिंग करा. तीनदा जाणारी रनिंग, टाक्याची लांबी २ मिमी, ठसठशीत दिसते. डोळ्याच्या आतला तिसरा-चौथा रंग काढून टाका. बाहीवर तो कुणाला दिसणार नाही, पण धागा तिथेच तुटेल. आधी बारकावे कमी करायचे आणि मग माप, हा क्रम सोपा जातो, कारण मोठ्या चित्रात निवडणं जमतं.

काळी कड मोराच्या अंगापासून सुटलेली दिसते, त्याचं कारण वेगळं. टाके पडले की कापड टाक्याच्या दिशेने आत ओढलं जातं. पंचिंग करणारा हे धरून प्रत्येक भाग ०.२ ते ०.४ मिमी जास्त रुंद ठेवतो. मशीनची फाइल ५५ टक्के केली की ती ०.३ ची राखीव जागा ०.१६ होते. कापड मात्र मोर किती लहान आहे हे बघून कमी ओढलं जात नाही. फट पडते ती इथे. सॉफ्टवेअरमध्ये ‘पुल कॉम्पेन्सेशन’ पुन्हा ०.३ वर आणा, टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर ०.४ वर. मूळ फाइल नसेल तर कड थोडी आत सरकवा, किंवा सरळ कडच काढा. कड नसलेला मोर नीट दिसतो. बाजूला सरकलेल्या कडेचा मोर चुकलेला दिसतो.

खालच्या थराचंही तसंच. सॅटिनच्या खाली कडेकडेने जाणारी अंडरले रेघ मूळ मापात काठापासून ०.४ मिमी आत असते. दाबलेल्या फाइलीत ती ०.२ वर येते आणि कापड थोडं हललं की सॅटिनच्या बाहेर डोकं काढते. २ मिमीहून अरुंद सॅटिनला कडेची अंडरले नकोच, मधोमध एक रेघ पुरते.

रंग बदलताना धागा सुटत असेल तर गाठीचे टाके बघा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार छोटे टाके असतात, साधारण ०.७ ते १ मिमीचे. ते ०.४ मिमीवर आले की धाग्याला पकडच मिळत नाही, किंवा एकाच भोकात चार वेळा सुई जाऊन खाली गुठळी होते. सॉफ्टवेअरमध्ये ‘लहान टाके काढा’ असा पर्याय असतो, तो ०.५ मिमीवर ठेवा, पण त्याने गाठीचे टाकेही उडतात, म्हणून नंतर गाठी पुन्हा घालून घ्या.

मूळ फाइल नाही, पंचिंगला वेळ नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे अशी वेळ आली, तर ८० टक्क्यांपर्यंत एक वाट आहे: ६० नंबरचा बारीक धागा, ६५ नंबरची सुई, वेग मिनिटाला ४०० टाक्यांच्या आसपास. बारीक धाग्याला कमी जागा लागते. मोराचा तजेला किंचित कमी होतो, पण काम निघतं. ५५ टक्क्यांवर हाही उपाय चालत नाही.

मोठं करताना: हापूसची बुट्टी

आंब्याची बुट्टी, म्हणजे सुटी नक्षी, ८२ × ७६ मिमी, ७,२०० टाके. मशीनवर १२० टक्के केली, झाली ९८ × ९१ मिमी. १०० च्या हूपमध्ये अगदी फिट्ट बसली. टाके तेच ७,२००, अंतर ०.४८. पांढऱ्या कापडावर पिवळा धागा असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. निळ्या किंवा काळ्या कापडावर तोच आंबा रेघारेघांचा दिसेल. तेव्हा गडद कापडावर ११० च्या पुढे जाऊ नका. किंवा ३० नंबरचा जाड धागा आणि ९० ची सुई घ्या, जाड धागा फट झाकतो. आणखी एक जुगाड: आंब्याच्या जागी आधी पिवळ्या ऑर्गन्झाचा तुकडा ठेवून शिवायचं आणि बाहेर उरलेला कापून टाकायचा. मखराच्या पडद्यासारख्या न धुतल्या जाणाऱ्या कामाला हे उत्तम चालतं, रोज धुवायच्या टॉवेलला नाही.

आता तीच बुट्टी कुशनसाठी १५० टक्के हवी. १२३ × ११४ मिमी, हूप १३०-१८० ची. इथे टाके नव्याने मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. आकडा १०,८०० ते १६,२०० यांच्या मध्ये यायला हवा.

मोठं करताना खरा घात होतो तो लांब टाक्यांचा. देठ ५ मिमीच्या सॅटिनचं होतं, ते ७.५ झालं. ७ मिमीच्या वरचा सॅटिन टाका सैल राहतो. बांगडीत, नखात, मांजराच्या पंजात अडकतो. पान ९ मिमीच्या सॅटिनचं होतं, ते १३.५ झालं, आणि डीएसटी फाइलीत सुईला एका हालचालीत १२.१ मिमीपेक्षा लांब जाताच येत नाही. मग पानाच्या मधोमध टाका तुटतो, जंप पडतो, काही मशीन तिथे धागाही कापतात. ‘मधेच कटर चालतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हेच असतं. ७ मिमीच्या पुढे गेलेलं सॅटिन मधोमध दुभंगून घ्या किंवा त्याचं तातामी फिल (छोट्या टाक्यांच्या ओळींनी भरणं) करा. पानाला तर फिलच शोभतं, शिरांची दिशाही दाखवता येते.

बाह्यरेषेचा २.५ मिमीचा रनिंग टाका ३.७५ झाला की आंब्याचं नाक कोनाकोनांचं दिसतं. वळणावर टाका २ मिमीवर आणा.

टाके वाढले म्हणजे ओढही वाढली. ७,२०० टाक्यांना कापडाखाली एक थर बॅकिंग पेपर पुरत होता म्हणून १४ हजारांना पुरेल असं नाही. कापड चुणीदार झालं तर दाटी कमी करण्याआधी पेपरचा एक थर वाढवून बघा.

उलट चूकही होते: लहान बुट्टी शिवायची आणि हूप मोठीच लावलेली. मधलं कापड ढिलं राहतं, सुईबरोबर वर-खाली उडतं आणि टाके चुकतात. डिझाइन मावेल अशी सर्वात लहान हूप लावायची.

नावं आणि देवनागरी अक्षरं

तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंचे टॉवेल, भजनी मंडळांच्या टोप्या, शाळेचे बिल्ले: यांत चित्र कमी आणि अक्षरं जास्त. इंग्रजी अक्षर ४० नंबरच्या धाग्याने ५ मिमी उंचीपर्यंत वाचता येतं. देवनागरीला तो हिशेब लावू नका. वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं सांभाळायचं असतं. शिरोरेषेपासून पायापर्यंत निव्वळ अक्षर ८ मिमीच्या खाली गेलं की ‘भ’ आणि ‘ध’ची पोकळी बुजते, ‘क्ष’चा गोळा होतो. टॉवेलवर तर १० मिमी धरा, कारण टॉवेलचे फासे टाक्यांवर चढतात.

अनुस्वार बघा. १.५ मिमीचा ठिपका ६० टक्क्यांत ०.९ मिमी होतो आणि सुई एकाच जागी ठोकत राहते. ठिपके निवडून त्यांना लहान न करता तसेच ठेवायचे. अक्षर लहान झालं तरी ठिपका १.२ ते १.५ मिमीच बरा दिसतो. शिरोरेषा १ मिमीखाली गेली तर सॅटिन सोडून दुहेरी-तिहेरी रनिंग.

अक्षरं शिरोरेषेपासून सुटलेली दिसतात, ते शिवण्याच्या क्रमामुळे. जिथे सगळी अक्षरं आधी आणि शिरोरेषा अगदी शेवटी एका दमात असते, तिथे रेघ येईपर्यंत कापड ओढलं गेलेलं असतं. शब्दागणिक शिरोरेषा करून घ्या आणि अक्षराचा दांडा रेषेत ०.५ मिमी घुसवा. मूळ मापात ही घुसण पुरेशी असते, दाबलेल्या फाइलीत ती ०.३ वर येते आणि तेवढ्याने फट उघडते.

खरं तर अक्षरं लहान करूच नयेत. फॉन्टमधून त्याच मापात नव्याने टाइप केलेलं ‘श्री’ हे दाबलेल्या ‘श्री’पेक्षा कधीही चांगलं. चित्र आणि अक्षरं एकाच फाइलीत असतील तर अक्षरांचा रंग वेगळा काढा, चित्र तेवढं लहान करा, नाव नव्याने घाला.

अ‍ॅप्लिकचं (वरून कापडाचा तुकडा शिवून केलेल्या कामाचं) थोडक्यात: कापड लावायची रेघ, ते धरून ठेवणारी रेघ आणि वरचं सॅटिन, तिन्ही एकत्र लहान होतात. ३.५ मिमीचं झाकणारं सॅटिन ७० टक्क्यांत २.४५ होतं आणि कापलेल्या कापडाचे दोरे बाहेर येतात. सॅटिनची रुंदी वेगळी निवडून पुन्हा ३.५ करा. पाण्यात विरघळणाऱ्या पेपरवर बनणाऱ्या सुट्या लेसचं माप मशीनच्या फाइलीवर बदलूच नका. तिचे टाके एकमेकांना धरूनच उभे असतात, अंतर बदललं की धुतल्यावर लेस हातात सुटी येते.

सॉफ्टवेअरमध्ये करायचं कसं

विलकॉमचं ट्रूसायझर फुकट मिळतं. माप बघणं आणि फाइलचा प्रकार बदलणं यासाठी ते पुरेसं आहे, आणि हातात ईएमबी असेल तर सोन्याहून पिवळं. एम्ब्रिलियन्स एसेन्शियल्स पैसे देऊन घ्यावं लागतं. ते मशीनच्या फाइलीचेही टाके नव्याने मोजण्याचा प्रयत्न करतं आणि २० टक्क्यांच्या आत चांगलं करतं. इंक/स्टिच इंकस्केपला जोडून चालतं, तेही फुकट, पण एक समजून घ्या: त्यात डीएसटी किंवा पीईएस उघडली की हाताने घातलेल्या टाक्यांच्या रेघा म्हणून येते. ती ओढून मोठी केली तर तेच ठिपके सरकतात. तिथे जुन्या डिझाइनवर नवे आकार काढून त्यांना फिल किंवा सॅटिन द्यावं लागतं. इंक/स्टिचमध्ये फिलचं ओळींतलं अंतर मुळातच ०.२५ मिमी लावलेलं असतं आणि सॅटिनचं ०.४०, प्रत्येक सॉफ्टवेअर अंतर आपल्या पद्धतीने मोजतं. आकड्याला घाबरू नका, मूळ आकड्याच्या किती टक्के झालं ते बघा.

कोणतंही सॉफ्टवेअर असो, क्रम असा: भटके जंप काढा, बारकावे कमी करा, हूप निवडा, लांबी-रुंदीचं कुलूप लावून माप बदला, टाक्यांची संख्या ताडून बघा, सर्वात अरुंद आणि सर्वात रुंद सॅटिन मोजा, ओढीची राखीव जागा पुन्हा घाला, लहान टाके गाळा, गाठी तपासा. मग मशीनच्या प्रकारात सेव्ह करा. डीएसटी फाइलीत धाग्याचे रंग साठवले जात नाहीत, तेव्हा मशीनवर आंबा जांभळा दिसला तर दचकू नका. क्रम बघून धागा लावा.

बाहेरून पंचिंग करून घेत असाल तर पहिल्याच वेळी दोन्ही मापं सांगा आणि ईएमबी मागा. पाठीचं आणि बाहीचं वेगळं पंच केलेलं डिझाइन पुढच्या दहा ऑर्डरींना पुरतं.

मापाची चूक नसते तेव्हा

जून ते सप्टेंबर कोकणात हवेत एवढी ओल असते की कपाटातलं कापडही हाताला गार लागतं. दमट सुती कापड हूपमध्ये ताणून शिवलं, नंतर इस्त्री मारली की कापड आटतं, टाके आटत नाहीत. चुण्या पडतात आणि दोष माप बदलण्यावर जातो. शिवण्याआधी कापड इस्त्रीने कोरडं करा, पेपरही. पाण्यात विरघळणारा पेपर ओलीने लिबलिबीत होतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. पाकिटाबाहेर राहिलेल्या सुईवर गंजाचा ठिपका आला की धागा तुटायला तोही पुरे, तेव्हा दोन-तीन धागे तुटताच आधी सुई बदला.

आणि लाइट. स्क्रीनवर माप बदलून शिवत असताना वीज गेली तर परत आल्यावर मशीनला तो टक्का आठवेलच असं नाही. माप कॉम्प्युटरवरच बदलून पेनड्राइव्हवर द्यावं. स्क्रीनवर बदलायची वेळ आलीच तर टक्का आणि दर रंगाला टाक्याचा क्रमांक मशीनजवळच्या वहीत टिपून ठेवा. हूपमधून कापड न काढता त्या टाक्यापर्यंत पुढे नेऊन काम चालू करता येतं.

नमुना

गिऱ्हाइकाच्या कापडावर जाण्याआधी त्याच जातीच्या चिंधीवर, त्याच पेपरावर एक नमुना काढा. हूपमधून काढल्यावर हाताने दुमडून बघा: डिझाइन दुमडलं पाहिजे, पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहिलं तर दाटी जास्त. उजेडापुढे धरा: भरीव भागातून उजेडाच्या रेघा दिसल्या तर दाटी कमी. उलटं करून सॅटिन बघा: बॉबिनचा पांढरा धागा मधल्या एक-तृतीयांश पट्टीत दिसायला हवा. शेवटी पट्टीने मोजा. फाइलीत ९४ मिमी असलेला मोर कापडावर ९३ भरला तर चालेल. ९१ भरला तर पेपर अपुरा आहे किंवा कापड हूपमध्ये ढिलं बसलंय. फाइलीला हात न लावता हूप पुन्हा बसवून दुसरा नमुना काढा.

नमुना पटला की फाइलच्या नावातच माप आणि टाके घाला, मोर-९४-७८०० असं काहीतरी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी नाव मशीनच्या स्क्रीनवर बहुधा उमटत नाही. नमुन्याच्या चिंधीवर तेच नाव पेनाने लिहून ती त्याच धाग्याच्या डब्यात टाका.